हद्दीबाहेरची लेकरं

झोपडीपाशी पोचली की ती माणसांकडे बघायचीच नाही. आधी दोरीकडे बघायची.

मुकादम समोर उभा राहून हातवारे करत सांगत असायचा, "बाई, कायकू टाइम खोटी करते? इदर कोई बच्चा नै. सब काम का आदमी है." आणि ही आपली मान वर करून वाळत घातलेल्या कपड्यांकडे बघत उभी. एक झबलं. दोन चड्ड्या, एक मोठी, एक लहान. लेस उसवलेला एक फ्रॉक. तेवढ्यावर तिची पोरांची संख्या आणि वयं लावून व्हायची. मग ती मुकादमाकडे वळायची आणि म्हणायची, "ते राहू द्या. लेकरू कुठंय?"

आणि लेकरू निघायचं हो! सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांच्या मागून निघायचं, उभ्या करून ठेवलेल्या खाटेच्या आडून निघायचं. एकदा तर पाण्याच्या रिकाम्या ड्रममधून दोन निघाली, एकमेकांच्या तोंडावर हात दाबून बसलेली. ती खाली बसली आणि ड्रममध्ये डोकं घालून त्यांना म्हणाली, "या बाहेर, मला बी जागा नाय आत."

तुमच्या भागातही अशी एखादी बाई येऊन गेली असेल. दारावरची बेल वाजते, आपण जाळीतून बघतो, खांद्यावर लसीचा निळा डबा दिसला की म्हणतो, "आमच्याकडे लहान कोणी नाही." आणि दार लावून घेतो. पाणी हवंय का, एवढंही आपण विचारत नाही. मीही नव्हतं विचारलं कधी, त्यामुळे मी काही वेगळा माणूस म्हणून हे सांगत नाही.

तिचं नाव मी लिहिणार नाही. लिहिलं तर त्रास तिलाच होईल, असला आपला कारभार. आम्ही सगळे तिला सिस्टर म्हणायचो. शहराच्या कडेला असलेल्या आमच्या आरोग्य केंद्रात ती कंत्राटी नर्स होती आणि मी कंत्राटी डाटा ऑपरेटर. तिनं टोचायचं आणि मी टंकायचं. पन्नाशी ओलांडलेली, उंचीनं बेताची, आणि साडीखाली काळे शाळेचे बूट. मी एकदा बुटांकडे बघून हसलो तर म्हणाली, "हसता काय दादा? माझ्या पोराचे हायेत, दहावीतले. त्याला लहान झाले आन मला बसले. लई चालतेत."

तिची आणखी एक तऱ्हा होती. सुई टोचून झाली की रडणाऱ्या पोरासमोर ती आपला तळहात धरायची. "मार मला. जोरात मार. आणखी जोरात." पोर रडायचं विसरून चापट मारायचं. ही "आई गं!" करून हात झटकायची. आया आधी घाबरायच्या, मग पदर तोंडाला लावून हसायच्या. एका पोरानं मारण्याऐवजी कडकडून चावाच घेतला. दात उमटले. ती हात चोळत त्याला म्हणाली, "फिटलं बाबा तुझं माझं." आणि पुढच्या पोराला हाक मारली.

लस दिल्यावर ताप येतो, हे सांगायला बऱ्याच जणी टाळतात. आया बिथरतात म्हणून. ही आधीच सांगायची, "बुखार आयेगा. एक दिन. मैं कल आती." आणि दुसऱ्या दिवशी खरंच जायची, सुट्टी असली तरी. कपाळाला हात लावायची, पातळ औषध द्यायची, चहा प्यायची. म्हणून तर ती लोकं तिच्यासमोर पोरं काढायची. आम्ही केंद्रात बसून म्हणायचो, "सिस्टरला हातोटी आहे." हातोटी कसली डोंबलाची! ती दुसऱ्या दिवशी जायची आणि आम्ही जात नव्हतो, एवढाच फरक होता.

आता त्या नाल्याविषयी सांगतो. सांगतानाही माझ्या डोक्यात तिडीक जाते.

आमच्या डॉक्टरसाहेबांच्या खुर्चीमागे भिंतीवर एक नकाशा आहे. त्यावर निळ्या स्केचपेननं एक रेघ मारलेली आहे. तो नाला. नाल्याच्या अलीकडे आमची हद्द, पलीकडे दुसऱ्या केंद्राची. शहराबाहेर जाणाऱ्या रस्त्याच्या अंगाला, नाल्याच्या अगदी काठावर, गोदामांचं बांधकाम निघालं आणि तिथं पत्र्याच्या खोल्या उभ्या राहिल्या. माणसं मध्य प्रदेशातली, सेंधव्याकडची आदिवासी. बायका डोक्यावर खडी वाहायच्या आणि पोरं वाळूत लोळायची. आम्ही म्हणायचो, ते पलीकडे आहेत. पलीकडचं केंद्र म्हणायचं, ही शहराची लेबर आहे, शहरानं बघावं. दोघांनीही हात वर केले. शहर एवढं वाढलं, दोन्हीकडे उद्योग आले, रस्ते आले, आणि दीड-दोन वर्षांचं पोर मात्र कुणाच्याच हद्दीत बसेना.

बरं, ती पोरं दिवसभर कुठं असायची? आमच्याच हद्दीत. नाला कोरडा असला की अलीकडे यायची, प्लॅस्टिक गोळा करायची, आमच्या केंद्राच्या नळाला तोंड लावून पाणी प्यायची. शिपाई त्यांना हाकलायचा. फक्त झोपायला ती हद्दीबाहेर जायची.

सिस्टरनं यावर वाट काढली होती ती अशी. गोवरच्या लसीच्या एका बाटलीत दहा डोस असतात. बाटली एकदा उघडली की चार तासांत संपवायची, उरलं ते फेकायचं. आमचं लसीकरण गुरुवारी. ती सकाळी लवकर बाटली उघडायची, आमच्या हद्दीतली पोरं भराभर उरकायची, आणि उरलेले चार-पाच डोस डब्यात घालून शेअर रिक्षानं नाल्यापलीकडे पळायची. घड्याळाकडे बघत. ती पोरं आमच्या पोरांच्या उरलेल्यावर जगत होती. आपल्याकडे पंगतीतलं उरलेलं दाराबाहेर नेऊन देतात ना, तसं. मला तेव्हा यात काही वावगं वाटलं नाही. उलट मी तिचं कौतुक करायचो, म्हणजे मला काही करायला लागायचं नाही.

गेल्या थंडीतल्या एका गुरुवारी तिच्याबरोबरची आशाताई आली नव्हती. सिस्टर माझ्या टेबलाशी आली. "दादा, चला की संगं. तासाभराचं काम हाय. मी टोचते, तुम्ही निस्ती कार्डं बघा आन यादीवर टिक करा. ज्याचं राहिलंय त्याला माझ्याकडं धाडा."

मी गेलो. बूट चिखलात जाऊ नयेत म्हणून दगडादगडावर पाय देत गेलो. ती तिकडच्या टोकाला पत्र्याच्या सावलीत डबा उघडून बसली. मी अलीकडे पाण्याच्या टँकरजवळ उभा. एकेक बाई येत होती. बहुतेकींकडे कार्डच नव्हतं, त्यांना मी पुढे पाठवत होतो. मग एक आली, रेवली नावाची. विशीतली असेल. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं कार्ड, सुतळी बांधलेली. तिनं ती सुतळी सोडून कार्ड माझ्या हातात दिलं, शाळेत पोर निकालपत्रक देतं तशी. कार्डावर बाळाचं नाव नव्हतं. जन्मलं तेव्हा नाव ठेवलेलं नसतं, म्हणून दवाखान्यात लिहितात, 'रेवलीचे बाळ'. जन्मतारखेवर पाणी पडून शाई फुटलेली. पण खालचे सगळे चौकोन भरलेले, गोवरचे दोन्ही डोस झालेले, शिक्के मारलेले.

मला इतकं बरं वाटलं! या गबाळ्यात एक तरी नीट कागद. मी तिच्या पोरीच्या नावापुढे, लाली, वय अंदाजे दोन, अशी टिक केली. म्हणालो, "बहुत अच्छा. सब हो गया." ती खूश होऊन हसली. कार्ड परत पिशवीत घातलं, सुतळी बांधली.

लाली कुठं आहे, हे मी विचारलं नाही. ती आत झोपली होती. दहा पावलांवर.

पुढच्या रविवारी सिस्टर पुन्हा एकदा ताप बघायला तिकडे गेली, रिकाम्या हातानं, डबा नव्हता. रेवलीच्या दारात लाली खेळत होती आणि शेजारी पाच वर्षांचा भाऊ. सिस्टरनं सहज कार्ड मागितलं. शिक्क्यांवरच्या तारखा बघितल्या. लालीचा तेव्हा जन्मही झाला नव्हता.

"ये तो बडे का है," सिस्टर म्हणाली.

"घर का है, बाई," रेवली म्हणाली. "राशन कारड के जैसा."

तिला खरंच तसं वाटत होतं. रेशनचं कार्ड घराला एक असतं, तसंच हे सुईचं कार्ड. थोरल्याच्या वेळी गावी मिळालं होतं, तिनं तीन जागा बदलताना जिवापाड सांभाळलं होतं. धाकटी एका रस्त्याच्या कामावर जन्मली, तिला कुणी काही दिलं नव्हतं. पण घराचं कार्ड आहे म्हटल्यावर रेवलीला कसली काळजी? त्या माउलीला मी हसत नाही. कार्ड बघून पोर ओळखणारा मीच होतो, आणि मी तर पदवीधर.

सोमवारी सिस्टर माझ्या टेबलाशी आली. "दादा, ते रेवलीचं कार्ड थोरल्याचं हाय. यादीत चुकून टिक पडली. त्या लेकरानं एक बी सुई घेतली नाय अजून." टिक कुणी केली, ते ती बोलली नाही. मीही बोललो नाही. मला वाटलं, तिच्या लक्षात आलेलं नाही. बरं झालं, असंच वाटलं, काय सांगू!

त्या गुरुवारी आमच्या हद्दीतून नेमकी दहा पोरं आली. बाटली संपली. सिस्टर पुन्हा माझ्याकडे. "दादा, साहेबांना सांगा ना, आणखी एक बाटली उघडू द्या म्हणावं. तुमचं ऐकतेत ते. यादीत चूक झालीय म्हणून सांगा, बस. तिथं एक नवं कुटुंब आलंय, त्यांचं पोरगं फणफणलंय आन खोकतंय. मला लक्षण बरं दिसंना."

मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. साहेब मोबाइल बघत होते. "काय?" म्हणाले. यादी चुकली म्हटलं तर कुणी चुकवली, हे निघणार. मार्चमध्ये माझं कंत्राट नवं व्हायचं होतं. मी म्हणालो, "साहेब, प्रिंटरची शाई संपलीय." साहेब म्हणाले, "मागवा." मी बाहेर आलो आणि सिस्टरला मान हलवून 'नाही' म्हटलं. ती समजली, साहेब नाही म्हणाले.

मग ती स्वतः आत गेली. दार अर्धवट उघडं होतं, मला सगळं ऐकू येत होतं.

"साहेब, एका लेकरासाठी बी बाटली उघडायची असती. ट्रेनिंगला तसंच सांगितलंय."

"ट्रेनिंगला बरंच काही सांगतात हो. नऊ डोस वाया गेले तर रिपोर्टला माझं नाव येतं. आणि मुलगी आपल्या हद्दीतली तरी आहे का? दहा मुलं जमवा, मग बघू."

"दहा जमेपर्यंत त्या एकीनं काय करायचं?"

"सिस्टर, तुम्ही फार अंगाला लावून घेता."

हे वाक्य आठवलं की मला आजही चीड येते. आणि त्या प्रिंटरच्या शाईचं आठवलं की त्याहून जास्त.

ती त्याच दुपारी पलीकडच्या केंद्रातही जाऊन आली. तिथं सांगितलं, आईचं आधार आणा आणि तुमच्या साहेबांचं पत्र आणा. आधार मुकादमाकडे जमा. पत्र साहेब देईनात.

पुढचा गुरुवार तर विचारूच नका. मोठे अधिकारी येणार होते. लसीकरण रद्द करून केंद्राला फुगे लावले. 'निरोगी बालक, आनंदी शहर' असा फलक, आणि थर्माकोलचं हसरं बाळ, त्याच्या तोंडाच्या जागी भोक. आपलं तोंड त्या भोकातून काढायचं आणि फोटो घ्यायचा. पन्नाशीतली, पोटं सुटलेली माणसं बाळाच्या दुपट्यातून तोंड काढून दात दाखवत होती! त्यांच्यामागून मीही काढला एक. सिस्टर डबा मांडीवर घेऊन व्हरांड्यात बसली होती. कार्यक्रम संपला तेव्हा दिवस गेला होता.

नंतरच्या आठवड्यात लाली तापली. डोळे लाल, नाक गळायला लागलं, मग कानामागून पुरळ उठला आणि अंगभर पसरला. रेवलीला वाटलं, माता आल्या. तिनं दाराला कडुलिंब बांधला आणि पोरीला अंधारात ठेवलं. सिस्टरला कळेपर्यंत पोरीच्या छातीचा भाता झाला होता. सिस्टरनं तिला उचललं आणि रिक्षात घालून मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या पोरसवदा डॉक्टरांनी लगेच ऑक्सिजन लावला, धावपळ केली. त्यांना मी काही बोलणार नाही.

अर्ज भरताना काउंटरवरच्या माणसानं पत्ता विचारला. रेवली म्हणाली, "गोडाउन के पास." तो म्हणाला, "कौनसा गोडाउन?" सिस्टरनं त्याच्या हातातून अर्ज घेतला आणि पत्त्याच्या जागी स्वतःच्या घराचा पत्ता लिहिला. मुकुंदवाडीतला, आमच्याच हद्दीतला, गल्लीसकट, घर नंबरासकट.

तिनं हे न कळून केलं नव्हतं. केस हद्दीबाहेरची दिसली तर दोन केंद्रं आठवडाभर पत्रव्यवहार करत बसणार, हे तिला ठाऊक होतं. हद्दीतली दिसली की मात्र पथक येतं, आणि त्या पत्त्याच्या आसपासची सगळी पोरं टोचली जातात. तिला बाकीच्या पोरांना वाचवायचं होतं.

चौथ्या दिवशी पहाटे लाली गेली. न्यूमोनियानं. मला सिस्टरनं फोनवर सांगितलं. "गेलं, दादा, लेकरू," एवढंच म्हणाली, आणि मग तिच्या रडण्याचा आवाज. मी तिला रडताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "अरेरे."

पथक आलंच, त्याच दिवशी. दोन गाड्या भरून माणसं मुकुंदवाडीच्या त्या गल्लीत उतरली. साहेबही होते, मीही होतो. गल्लीतली माणसं बघायला जमली. सिस्टर दारातच उभी होती. एका अधिकाऱ्यानं विचारलं, "घरात आणखी कोण-कोण मुलं आहेत?" ती पायात बूट सरकवत म्हणाली, "ते राहू द्या, साहेब. गाडीत बसा. लेकरं दाखवते." आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली.

गाड्या नाल्यापलीकडे गेल्या. त्या दुपारी तिथं बाटलीमागून बाटली उघडली गेली. कुणी हद्द विचारली नाही, आधार विचारलं नाही, वाया किती जातंय हे विचारलं नाही. दोन तासांत सगळी पोरं झाली. साहेब स्वतः एका पोराला कडेवर घेऊन उभे होते, फोटोसाठी. रेवली आपल्या दारात बसून सगळं बघत होती. तिच्या मांडीवर ती कार्डाची पिशवी होती. मी तिच्यासमोरून गेलो नाही, मागून वळसा घालून गेलो.

महिन्याभरात चौकशी लागली. एवढं झाल्यावर चौकशी कशाची? न उघडलेल्या बाटलीची? प्रिंटरच्या शाईची? छे! हद्दीबाहेरचा मृत्यू आमच्या हद्दीत दाखवला गेला, त्याची. आणि जाता जाता, मुलीच्या नावापुढे लस झाल्याची टिक कशी पडली, तेही विचारलं. मी बाहेर बाकावर बसलो होतो. आत सिस्टर म्हणाली, "पत्ता मीच लिवला. आन टिक बी माझीच हाय." मला आत बोलावलंच नाही. मी घरी गेलो आणि दोन पोळ्या जास्त जेवलो. किळस येते सांगायला, पण जेवलो हे खरं आहे.

तिचं कंत्राट मार्चमध्ये नवं झालं नाही. माझं झालं.

पंधरा दिवस मी चालढकल केली, मग तिच्या घरी गेलो. दोन खोल्या. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याला ताजा हार. तिनं चहा टाकला. मी कप हातात धरूनच म्हणालो, "सिस्टर, ती टिक माझी होती."

"माहीत हाय," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"रेवलीनं त्याच रविवारी सांगितलं व्हतं. चष्मेवाला साब बोला, सब हो गया. चष्मेवाला आणखी कोण हाय आपल्यात?"

"मग चौकशीत तुमची म्हणून का सांगितलं?"

"मला तं काढणारच व्हते. पत्ता खोटा लिवला, ते मला कबूल हाय. एकाला काढलंच हाय तं दोघांना कामून काढायचं?" तिनं बशीतला चहा फुंकला. "आन तुम्ही ती वाट बघितलीय, दादा. नवा ऑपरेटर आला असता तं त्याला नाल्यापलीकडं कायी हाय, हेच ठाऊक नसतं. नवी सिस्टर येईल, पोरगी असंल, पैल्यांदा भेईल. तिला संगं न्या. एकदा लोकांशी वळख करून द्या, मग जाती ती."

"जातो," मी म्हणालो.

"चूक माझी बी हाय," ती म्हणाली. "तुम्हाला यादी दिली, पण कार्डाआधी लेकरू बघा, हे सांगितलं नाय. मला वाटलं, एवढं काय सांगायचं."

तिनं मला शिव्या घातल्या असत्या तर मी सुटलो असतो. ती मला आणखी चहा घ्या म्हणत होती.

नंतर ती लेकीकडे परभणीला गेली. तिथं एका खासगी दवाखान्यात काम करते. रेवलीचं कुटुंब मुकादमानं कुठल्या तरी दुसऱ्या कामावर हलवलं, कुठं ते कुणालाच माहीत नाही. आमच्याकडे नवी सिस्टर आली. चांगली मुलगी आहे, कामसू आहे. दुसऱ्याच आठवड्यात तिनं नकाशाकडे बोट करून मला विचारलं, "सर, या रेघेच्या पलीकडे काय आहे?" मी कॉम्प्युटरवरून मान न उचलता म्हणालो, "ते दुसऱ्या केंद्राचं." मी ते का म्हणालो, मला विचारू नका. तोंडातून आपोआप आलं, आणि आल्यावर मी ते परत घेतलं नाही.

सिस्टरचा अधूनमधून फोन येतो. साहेब कसे आहेत, शिपायाच्या मुलीचं लग्न झालं का, माझा चष्म्याचा नंबर वाढला का. आणि मग, "गेला व्हतात का?" मी म्हणतो, "हो, गेलो होतो."

परवा पुन्हा आला. आवाज खुशीत होता. "दादा, तिथं नवे पत्रे ठोकलेत म्हणं. आपला रिक्षावाला सांगत व्हता, लई माणसं आलीत. लेकरं किती हायेत वं?"

"अकरा," मी म्हणालो.

"दिली लस?"

"दिली. सगळ्यांना."

"लई रडले का?"

"एकच रडलं."

ती हसली. तिकडून कुणीतरी तिला हाक मारत होतं, तिनं "आले, आले" म्हटलं आणि पुन्हा फोन तोंडाशी धरला. "लई बरं झालं बाई. माझा जीव तिथंच अडकला व्हता. तुम्ही हायेत म्हणून बरं, दादा."

मी फोन ठेवला. नाल्यापलीकडे नवे पत्रे ठोकले आहेत, हे मला तिच्याकडूनच कळलं होतं.